नववी एव्हांथिया

११ सप्टेंबर, अथेन्स

आज आईचा नामदिन, तिच्या नावाच्या संतिणीचा सण. तिला फोन करायच्या आधी माझ्या सचिवाने, थ्रासोसने, नेहमीप्रमाणे धर्मकन्यांची वही उघडून माझ्यापुढे ठेवली आणि आठ एव्हांथियांना ओळीने फोन लावून दिले. "नोना बोलतेय. नामदिनाच्या शुभेच्छा, घरच्यांना नमस्कार सांग." अर्ध्या तासात आटोपलं. शेवटी आईला लावला तर म्हणते, "माझा नंबर नववा लागला वाटतं."

बाबा म्हणायचे, खासदाराने दोन गोष्टींना नाही म्हणू नये, मयताला आणि बाप्तिस्म्याला. मतदार म्हणाला, आमच्या बाळाला कुंडातून तुम्हीच उचला, की उचलायचं. बाबांनी अठ्ठावीस वर्षांत एकशे बारा उचलले, सगळे मुलगे. एकाच हाताने उचललेली मुलं चर्चच्या लेखी भावंडं होतात आणि त्यांचं आपसात लग्न लागत नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाने मुलगे आणि मुली मिसळल्या तर वीस-पंचवीस वर्षांनी अर्धा मतदारसंघ बिनलग्नाचा बसेल. म्हणून बाबांनी मुलगे घेतले, मी मुली घेतल्या. आजवर त्रेचाळीस झाल्या. आमच्या घराण्याने कालिवित्सात एकही लग्न अडवलेलं नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकते.

नाव ठेवायचा मानही नोनाचा, म्हणजे धर्ममातेचा. हल्ली आईबाप आधीच ठरवून येतात, पण काही जण म्हणतात, "तुम्ही म्हणाल ते, आंद्रोमाखीबाई." आणि ऐन वेळी मला आईचंच नाव सुचतं. आई म्हणते, मी तिचं नाव निवडणुकीच्या पत्रकासारखं वाटून टाकलं.

उद्यापासून समितीत बालकांचं विधेयक. चार वर्षं मी त्याच्या मागे लागले आहे.

१९ सप्टेंबर

कलम अकरा मंजूर: देशातली सगळी बालगृहं दोन वर्षांत बंद, मुलं प्रतिपालक कुटुंबांकडे. आज कलम एकोणीस होतं, आणि ते अथपासून इतिपर्यंत माझं आहे. बालगृहात गेल्या तीन वर्षांत नोकरी केलेल्या कोणालाही तिथलं मूल मिळणार नाही. एका ठिकाणच्या रखवालदाराने तीन मुलं 'सांभाळायला' घरी नेली आणि शेळ्यांमागे लावली, ते प्रकरण मी विसरलेले नाही. विरोधी बाकावरचा एक जण म्हणाला, "बाई, कलम लिहिताय की कुंपण घालताय?" मी म्हटलं, "कुंपण वेळेवर घातलं असतं तर शेळ्या तरी दुसऱ्या कोणी राखल्या असत्या." सगळे हसले. एकमताने मंजूर झालं.

चार वर्षांत आजच्याइतकी खूश मी कधी झाले नव्हते. घरी येऊन दोन अंडी तळली आणि उभ्याउभ्याच खाल्ली.

४ ऑक्टोबर, कालिवित्सा

बालगृहाला भेट. पापा-येरासिमोस तिथले पाद्री आणि तेच प्रमुख. सव्वीस मुलं, एकतीस कर्मचारी. त्यांनी बशीत बिहीचा मुरांबा दिला, थंड पाणी दिलं आणि मुद्द्यावर आले.

"तुमचं विधेयक उत्तम आहे, बाई. सगळ्या देशासाठी उत्तम. फक्त आमच्यासाठी नाही."

"म्हणजे कसं, फादर?"

"डोंगरातल्या बालगृहांना दोनाऐवजी आठ वर्षं द्या. इथे दुसरी नोकरी कुठे आहे? एकतीस घरं आहेत. त्यांचे सासरे, मेहुणे, व्याही, सगळे तुम्हालाच मत देतात."

व्याह्यांपर्यंत जायची गरज नव्हती. गेल्या खेपेला मी तीनशे चाळीस मतांनी आले. मी म्हटलं, दुरुस्ती आणते. तसं त्यात गैर काही नाही, डोंगराळ भागाच्या अडचणी खऱ्याच असतात.

बाहेर पडताना पॅसेजमध्ये बाकावर एक मुलगी बसली होती, दहा-अकरा वर्षांची. पायाशी भरलेली निळी पिशवी. मला वाटलं सहल निघाली आहे. मी फादरना सांगितलं की वाटेत सामान ठेवू नका, कोणीतरी अडखळून पडेल. त्यांनी पिशवी बाकाखाली सरकवली.

मुलगी उठून म्हणाली, "नमस्कार, नोना."

कालिवित्सात अर्धं गाव मला नोनाच म्हणतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, नाव विचारलं.

"एव्हांथिया."

"अरे वा, माझ्या आईचं नाव."

"माहीत आहे," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "तुमच्या अथेन्सच्या घरात किती खोल्या आहेत?"

मी सांगितलं, दोन. एकीत मी, एकीत कागद.

"कागद कमी करता येतात," ती म्हणाली.

भारी हुशार पोर. संध्याकाळी फोनवर दोन खासदारांना सांगितलं, दोघंही हसून खोकायला लागले.

१५ ऑक्टोबर

काही दिवस असतात, ते न आले तर बरं.

जिल्ह्याची समाजसेविका दानाई अथेन्सला येऊन बसली होती. तिशीही झालेली नाही, बूट चिखलाचे. म्हणाली, दोन वर्षांत तीन पत्रं पाठवली. थ्रासोसने फाइल काढली. तिन्ही पत्रांना आमचं उत्तर गेलेलं होतं: 'आपली विनंती मिळाली, ती संबंधित खात्याकडे पाठवण्यात येत आहे.' खाली माझी छापील सही.

"बालगृहात आलेल्या प्रत्येक मुलाला आम्ही विचारतो, तुझं असं मोठं माणूस कोण आहे," दानाई म्हणाली. "एव्हांथियाने तुमचं नाव लिहिलंय. ती तुमची धर्मकन्या आहे."

"माझ्या आठ एव्हांथिया आहेत आणि आठही आपापल्या घरी आहेत. गेल्याच महिन्यात मी प्रत्येकीशी बोलले."

तिने फोटो काढून टेबलावर ठेवला. चर्च, कुंड, माझा बदामी रंगाचा सूट. हातात ओलं बाळ. बाजूला एक बारीक चणीची बाई, तिचं लक्ष बाळाकडे. माझं कॅमेऱ्याकडे.

थ्रासोसने वहीची मागची पानं उलटली. सापडली. हॉटेलात चादरी धुणाऱ्या बाईची मुलगी, बापाचं नाव नाही. पूर्ण ओळीवर लाल पेन्सिलीची रेघ, आणि शेजारी माझ्या अक्षरात: 'लारिसाला राहायला गेले. काढा.' दर निवडणुकीनंतर मी वही अशी साफ करते. जे मतदारसंघ सोडून जातात त्यांना ईस्टरची मेणबत्ती आणि बूट पाठवून काय उपयोग, असं बाबा म्हणायचे. मीही म्हणत आले.

मुलीची आई लारिसा शहरातच वारली, तीन वर्षं झाली. मुलीचा जन्म कालिवित्साचा म्हणून तिला तिथल्या बालगृहात आणलं.

"तुम्ही तिला घ्याल का?" दानाईने विचारलं. सरळ, पाणी हवंय का विचारावं तसं.

मी नाही म्हटलं. कारणंही दिली: मी अठ्ठावन्न वर्षांची, एकटी, चार दिवस अथेन्स, तीन दिवस मतदारसंघ, गुडघे असे. सगळी खरी आहेत. तरी सांगताना मीच मला एखाद्या खात्याचं उत्तर वाचून दाखवतेय असं वाटलं. दानाईने आपल्या वहीत काहीतरी टिपलं, फार नाही, एखादा शब्द असेल.

जाताना तिने चौकटीच्या वहीचं एक पान दिलं. मुलीने पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवलेली. "ईस्टरला नोना बूट देते ना," दानाई म्हणाली. "सहा महिने आधी पाठवलंय. घाई नाही म्हणाली."

१६ ऑक्टोबर

थ्रासोसला सांगितलं की चांगले चामड्याचे बूट आजच पाठवा, ईस्टरची वाट बघू नका. कागद सोबत दिला. आता बरं वाटतंय.

२७ ऑक्टोबर

गॅरेजवाला स्तामुलिस फोनवर इतका ओरडला की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला.

"बाई, तुम्हाला टोमणा मारायचा होता तर माझ्या तोंडावर मारायचा! पोरीचे पाय मोठे आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. सतरा वर्षांच्या पोरीला बाहुलीचे बूट पाठवता? सकाळपासून रडतेय!"

थ्रासोसने वहीतली पहिली एव्हांथिया बघितली, ती स्तामुलिसची, आणि तिलाच पाठवून दिले. रेघ मारलेल्यांचा पत्ता वहीत नसतोच. चूक त्याची म्हणावी तर नावं कोणी ठेवली? बूट परत मागवावेत तर स्तामुलिसच्या मेहुण्याने बाजारात सगळ्यांना दाखवून झालेत. त्या घरातली पाच मतं गेली म्हणून समजा. मापाचा कागद मात्र सुखरूप परत आला, थ्रासोसने माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

२ नोव्हेंबर, कालिवित्सा

आईला सगळं सांगितलं. तिला शहाऐंशी पूर्ण झाली, पण कान तिखट.

"म्हणजे नऊ आहेत," ती म्हणाली.

"नऊ."

"नाव माझं दिलंस. निदान जेवायला तरी आण तिला."

७ डिसेंबर, कालिवित्सा

विधेयक महिनाभर कायदा खात्यात पडून आहे, म्हणून दोन दिवस घरी.

एव्हांथिया जेवायला आली. सोबत बालगृहाची स्वयंपाकीण झाफीरो, सत्तावन्नची विधवा, मुलं तिला मावशी म्हणतात. मुलीच्या हातात पुन्हा ती निळी पिशवी. मी म्हटलं, "अगं, जेवायला यायला सामान कशाला?" पोर पिशवी दाराच्या आत ठेवून बसली.

आईने कोंबडी आणि हाताने केलेल्या शेवया शिजवल्या होत्या. दोघी एव्हांथिया समोरासमोर बसून हाडं चोखत होत्या, बोलणं कमी. जेवण झाल्यावर मुलीने ताटं विसळली. मग घरभर हिंडून आली आणि आईला विचारलं, "आजी, त्या मागच्या खोलीत कोण झोपतं?"

"कोणी नाही. बटाटे असतात."

"अच्छा," ती म्हणाली आणि परत येऊन बसली.

संध्याकाळी फाटकापाशी झाफीरोने तिला गाडीत बसवलं, दार लावलं आणि माझ्याकडे वळली.

"एक सांगू का, बाई? राग मानू नका. तुम्ही येणार असं कळलं की ती पिशवी भरते. फ्रॉक, ब्रश, आईचा फोटो. तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी घाटात बर्फ पडला, तुम्ही आलाच नाहीत, तरी भरून बसली होती. अंधार पडल्यावर मी रिकामी केली."

मी म्हटलं, थंडी फार आहे.

"मी न्यायला तयार आहे तिला," झाफीरो म्हणाली. "घर आहे, अंगण आहे, नवऱ्याचं पेन्शन आहे. ती रात्री माझी बाही धरून झोपते तेव्हा मी घरी जात नाही, तिथेच खुर्चीवर बसते. दानाईताई म्हणाल्या, नवा कायदा येईपर्यंत सगळे अर्ज थांबलेत, आणि नव्या कायद्यात बालगृहाच्या माणसाला मनाईच आहे. नोकरी सोडली तरी तीन वर्षं नाही. तोवर पोर चौदाची होईल. यादीत जो पहिला असेल त्याच्याकडे जाईल, क्रीटला जाईल नाहीतर कुठे. ते कलम कोणी लिहिलंय देव जाणे. लिहिणाऱ्याच्या घरी स्वयंपाक कोण करतं कोणास ठाऊक."

मी तिला सांगितलं नाही की कोणी लिहिलंय. इथे लिहून ठेवते: सांगितलं नाही.

१४ जानेवारी, अथेन्स

कलम एकोणीस पुन्हा वाचलं. वाक्यरचना निर्दोष आहे. रखवालदाराला बरोबर अडवतं. झाफीरोलाही तेवढंच बरोबर अडवतं. दोघांना वेगळं ओळखायचं तर कोणीतरी जाऊन बघायला हवं, विचारायला हवं, आणि ते बघायचं काम टळावं म्हणूनच मी ते तसं लिहिलं होतं.

दुरुस्ती लिहून काढली: समाजसेविकेने चौकशी करून आणि मुलाने स्वतः मागितल्यास न्यायालय कर्मचाऱ्यालाही परवानगी देऊ शकेल. चार ओळी. कालिवित्साच्या आठ वर्षांच्या मुदतीची दुरुस्ती तयार होतीच. आता दोन झाल्या.

११ फेब्रुवारी

मंत्रीणबाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "आंद्रोमाखी, प्रत्येक जण दुरुस्त्यांची गाठोडी घेऊन येतोय. तुझं काम मोठं आहे म्हणून तुझी एक घेते. एक. कुठली ते तू ठरव, मतदानाच्या सकाळपर्यंत सांग."

एक म्हणजे मुदतीची, हे उघड आहे. मी शब्द दिलाय. एकतीस घरं आहेत. एका मुलीसाठी कायदा करत नसतात, हे मी नव्या खासदारांना स्वतः शिकवते.

फादरना फोन करून सांगितलं, काळजी करू नका. ते म्हणाले, तुमच्या वडिलांना फार आनंद झाला असता.

१९ फेब्रुवारी

दानाईचा फोन. एव्हांथियासाठी प्राथमिक यादीत इराक्लिओचं एक जोडपं आहे. भले लोक आहेत म्हणाली, क्रीटचे. मुलीला अजून सांगितलेलं नाही.

भले लोक आहेत म्हणजे प्रश्न मिटलाच की. दिवसभर मी हेच स्वतःला सांगितलं. संध्याकाळी वाटलं, इतक्यांदा सांगावं लागतंय त्या अर्थी मिटलेला नाही.

२ मार्च

आई दर रविवारी एव्हांथियाला जेवायला बोलावते, हे मला आज कळलं. मागच्या खोलीतले बटाटे माळ्यावर गेलेत. मी विचारलं, कशाला? आई म्हणाली, "बटाट्यांना हवा लागावी म्हणून." मग फोन पोरीकडे दिला.

"नोना, कायदा कधी होणार?"

"बुधवारी."

"त्यात मावशीचं आहे?"

मी म्हटलं, बघू. ह्या शब्दावर मी सहा निवडणुका काढल्या आहेत.

"बरं," ती म्हणाली. "मग ह्या वेळी मी पिशवी आधी नाही भरणार. झालं की सांगा."

तिच्या आवाजात रुसवा नव्हता. बस चुकली तर पुढची कधी आहे विचारावं, तसा आवाज होता. फोन ठेवल्यावर मी टेबलाशी बसले आणि बराच वेळ उठले नाही. मला माझी लाज वाटली. इतकी वर्षं बालकल्याण करतेय, आणि एका मुलाला आशा ठेवू नये हे मी शिकवलं.

५ मार्च

सकाळी नऊ वाजता दोन कागद घेऊन मंत्रीणबाईंच्या दालनात गेले. जिन्यावर मुदतीचा कागद वर होता. दालनात चार ओळींचा वर आला. मी दिला.

"हीच?" त्यांनी चष्मा लावून वाचलं. "अगं, ह्या कलमाविरुद्ध कोणाचीच तक्रार नाही. तुझंच कलम ना हे?"

"म्हणूनच."

सभागृहात मला तीन मिनिटं होती. मी म्हटलं, कलम एकोणीस मी लिहिलं होतं आणि ते चुकीचं लिहिलं होतं, कारण मी त्यात माणसं ठरवली होती, पाहिली नव्हती. मग मागून कोणीतरी ओरडलं, "खासदाराने चूक कबूल केली! वेळ लिहून घ्या, वेळ!" सगळीकडे हशा. मीही हसले. दुरुस्ती मंजूर, विधेयक मंजूर, एकशे अठ्ठ्याऐंशी मतं.

आधी आईला फोन केला, मग फादरना. दुसरा फोन थ्रासोस करतो म्हणत होता. मी नको म्हटलं.

"एका पोरीसाठी एकतीस घरं, आंद्रोमाखीबाई?" फादर म्हणाले.

"सव्वीस पोरांसाठी, फादर. आठ वर्षांत ती सगळी तिथेच मोठी झाली असती."

हे खरं आहे. पण सकाळी कागद देताना माझ्या डोळ्यांसमोर सव्वीस नव्हती. एकच होती. तेही खरं आहे.

९ मार्च, कालिवित्सा

प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर माझ्याशी चार माणसं बोलली. एरवी चाळीस बोलतात. बालगृहाची धोबीण समोर आली आणि म्हणाली, "माझ्या घरात दोन पोरं आहेत, नोना. ती कोणाच्या कायद्यात बसतात?" मी तिला सांगितलं की दोन वर्षं आहेत, कर्मचाऱ्यांसाठी मी दार ठोठावेन. तिने ऐकून घेतलं. विश्वास ठेवला असं वाटलं नाही, आणि का ठेवावा? तिचा प्रश्न मी सोबत घेऊन आले आहे, पण उत्तर अजून नाही.

२ एप्रिल, अथेन्स

पक्षाच्या कार्यालयातून एक गोड बोलणारा तरुण आला होता. पुढच्या खेपेला कालिवित्साला 'ताजा चेहरा' द्यायचा विचार आहे म्हणाला. मी विचारलं, त्याने किती बाप्तिस्मे केलेत? त्याला प्रश्नच कळला नाही. चला, निदान नवी पिढी त्यातून सुटली.

थ्रासोस माझ्यापेक्षा जास्त खचला. मी त्याच्याकडून वही मागून घेतली आणि लाल रेघा मारलेल्या ओळी मोजल्या. एव्हांथिया धरून अकरा निघाल्या. दहा पत्ते शोधायचेत. त्यालाही काम झालं, मलाही.

११ एप्रिल

न्यायालयाचा अंतिम आदेश यायचाय, पण तात्पुरता ताबा झाफीरोला मिळाला. दानाईने फोनवर सांगितलं. नंतर ती म्हणाली, "ऑक्टोबरमध्ये तुमचं उत्तर मी लिहून घेतलं होतं."

"'नाही' लिहिलं असशील."

"नाही," ती म्हणाली. "मी लिहिलं होतं, 'पुन्हा विचारणे'."

१७ एप्रिल, पवित्र गुरुवार, कालिवित्सा

झाफीरोचं घर पाणचक्कीच्या वर, शेवटची चढण. माझे गुडघे, एका हातात मेणबत्ती, दुसऱ्यात बुटांचा डबा. बूट अथेन्सच्या चांभाराकडून करवून घेतले, कागदावरच्या मापाबरहुकूम, लाल चामड्याचे. ह्या वेळी मध्ये कोणी नको म्हणून स्वतः घेऊन आले.

स्वयंपाकघरात ईस्टरची अंडी लाल रंगवायचं चाललं होतं. टेबलावर वाफ, व्हिनेगरचा वास, दोघींची बोटं लाल. माझी आई माझ्या आधीच येऊन चुलीजवळ खुर्ची पकडून बसली होती आणि सगळ्यांना सूचना करत होती.

"नमस्कार, नोना," एव्हांथिया म्हणाली. पाहुण्यांना म्हणतात तसं. मी मेणबत्ती दिली. तिच्याकडे एक होतीच, झाफीरोने आणलेली, शेल्फवर उभी. तिने माझी तिच्या शेजारी ठेवली, जरा मागे, मग विचार करून दोन्ही एका ओळीत केल्या.

बूट तिने घालून बघितले. टाच आत जाईना.

"होतात," ती म्हणाली आणि टाचा बाहेर ठेवूनच दोन पावलं चालली.

"काढ ते, पाय मोडून घेशील!" झाफीरो ओरडली. "बाई, पोरीचा पाय वाढलाय. ऑक्टोबरचं माप ते!"

"वाढणारच," आई म्हणाली. "माझ्या बटाट्यांवर वाढलाय."

मी हसले, पण डोळ्यांत पाणी आलं. सहा महिने तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. ड्रॉवरमध्ये माप तेवढंच राहिलं, पाय राहिला नाही. असा कागद मी किती जणांचा ठेवला असेल, देवाला माहीत.

"एव्हांथिया, दुसऱ्या पातेल्यात सालं टाक गं," झाफीरो म्हणाली. मुलगी खिडकीजवळच्या खिळ्याकडे गेली. खिळ्याला निळी पिशवी टांगलेली होती. तिच्यात कांद्याची सालं, उपासाच्या चाळीस दिवसांत साठवलेली, अंडी लाल करायला. तिने ओंजळभर काढली, पिशवी पुन्हा टांगली आणि हात फ्रॉकला पुसले.

मी झाफीरोकडे एक कागद मागितला. पीठ सांडलेला एक मिळाला. मग गुडघे टेकून खाली बसले. आईने वरून विचारलं, "उठता येईल ना गं?" मी म्हटलं, ते नंतर बघू. एव्हांथियाने अनवाणी पाय कागदावर ठेवला, मी भोवती पेन्सिल फिरवायला लागले. अंगठ्यापाशी तिला गुदगुल्या झाल्या, रेघ वाकडी गेली. ती माझ्या खांद्याला धरून उभी होती. लाल बोटांचे डाग माझ्या जाकिटावर आहेत, मी अजून धुतले नाहीत.

"झालं," मी म्हटलं.

तिने वाकून बघितलं.

"तारीख घाला, नोना," ती म्हणाली. "नाहीतर परत जुनं होईल."

मी तारीख घातली.